रक्त देऊ केले, पण घेतले नाही
(पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांचा रक्तक्षय आणि त्यावरील औषधे)

प्राणिशास्त्र विभाग

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे सेवा केलेले एक मदतनीस आहेत. काचपट्ट्या पुसण्यापासून वार्षिक परीक्षेच्या मांडणीपर्यंत सारे त्यांच्या हाताखालून गेलेले. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात. आम्ही शिक्षकही मामाच म्हणतो. उच्च रक्तदाबाने मामांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांचे गाव खानापूर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत. आठवड्यातून तीनदा बेळगावला येऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. म्हणून डॉक्टरांनी घरच्या घरी करता येणारा पोटाचा डायलिसिस सुचवला. मामींनी पिशव्या बदलण्याचे सारे तंत्र आठ दिवसांत शिकून घेतले.

काही महिन्यांनी मामांचे हिमोग्लोबिन ६.८ वर आल्याचे कळले. चार पायऱ्या चढल्या की त्यांना बसावे लागे. ही बातमी कानावर येताच राष्ट्रीय सेवा योजनेतील अकरा मुले-मुली माझ्याकडे आली. "सर, मामांना रक्त द्यायचे आहे. कुठे जायचे ते सांगा." मी त्यांना घेऊन रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी मुलांचे तोंडभरून कौतुक केले, चहा पाजला आणि रक्त मात्र तूर्त नको म्हणून सांगितले. परत येताना बी. एस्सी. द्वितीय वर्षाची एक मुलगी म्हणाली, "सर, अंगात रक्त नाही म्हणून माणूस धापा टाकतोय, आणि रक्त द्यायला आलेल्यांना परत पाठवतात! हे कसले शास्त्र?"

त्या दिवशी मला तिला नीटसे उत्तर देता आले नाही. नंतर डॉक्टरांशी बोलून आणि ग्रंथ चाळून जे समजले ते या लेखात मांडत आहे. प्रश्न एका मुलीचा असला तरी उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आहे.

१. मूत्रपिंडाचे दुसरे काम

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, असे आपण शाळेपासून शिकत आलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. मूत्रपिंड ही एक ग्रंथीही आहे. तिच्या बाह्यभागात, सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेत, काही विशेष पेशी असतात. रक्तातून येणारा प्राणवायू कमी पडू लागला की या पेशी एक संप्रेरक तयार करून रक्तात सोडतात. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. हे १६५ अमिनो आम्लांचे, शर्करेच्या शाखा असलेले प्रथिन आहे. गर्भावस्थेत ते मुख्यतः यकृतात तयार होते. जन्मानंतर हे काम मूत्रपिंडाकडे येते.

या संप्रेरकाचे कार्यक्षेत्र म्हणजे अस्थिमज्जा. तिथे तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी सतत तयार होत असतात. पण एरिथ्रोपोएटिनचा संदेश मिळाला तरच त्या जगतात आणि वाढतात, नाहीतर अर्ध्या वाटेवरच मरून जातात. निरोगी प्रौढ माणसात दररोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते. जितक्या मरतात तितक्या जन्मतात, म्हणून हिशेब जुळतो.

मूत्रपिंडे निकामी झाली की हा हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो. संप्रेरक कमी पडल्यामुळे नव्या पेशी कमी जन्मतात, आणि साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे जुन्या पेशी १२० दिवस न पुरवता आधीच मरतात. जमा कमी आणि खर्च जास्त! यालाच आपण रक्तक्षय म्हणतो. आमच्या शेजारच्या कन्नड विभागातील मित्र त्याला रक्तहीनते म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे दर डेसिलिटर रक्तात पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर रक्तक्षय आहे असे समजतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डायलिसिस हा चाळणीचे काम बऱ्याच अंशी करतो; ग्रंथीचे काम तो मुळीच करीत नाही. म्हणून डायलिसिस उत्तम चालू असतानाही रक्तक्षय राहतो आणि त्याचा वेगळा उपचार करावा लागतो.

२. पोटाचा डायलिसिस आणि रक्त

आपल्या उदरपोकळीला आतून एक पातळ पडदा असतो, त्याला पर्युदर म्हणतात. घड्या उलगडून पसरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या त्वचेइतके भरते. त्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साखरेचे द्रावण, बहुधा दोन लिटर, आत सोडतात. चार ते सहा तासांत रक्तातील टाकाऊ द्रव्ये पडद्यातून त्या द्रावणात उतरतात, साखरेच्या ओढीने जादा पाणीही येते. मग ते द्रावण काढून नवे भरतात. असे दिवसातून तीन-चार वेळा. १९६८ मध्ये सिॲटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी कायम ठेवता येईल अशी नळी प्रसिद्ध केली आणि १९७६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोपोविच व मॉन्क्रीफ यांनी सतत चालणाऱ्या या पद्धतीची कल्पना मांडली, तेव्हापासून हा उपचार घराघरांत जाऊ शकला. आपल्या देशात २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आल्या आहेत.

रक्तक्षयाच्या दृष्टीने या पद्धतीचे दोन फायदे आहेत. पहिला, यात रक्त शरीराबाहेर येत नाही. यंत्रावरच्या डायलिसिसमध्ये प्रत्येक वेळी थोडे रक्त नळ्यांत आणि गाळणीत राहून जाते. वर्षभरात त्याबरोबर पुष्कळ लोह निघून जाते. दुसरा, रुग्णाच्या मूत्रपिंडात जी थोडी धुगधुगी उरलेली असते ती या पद्धतीत जास्त काळ टिकते, आणि तिच्याबरोबर थोडेफार एरिथ्रोपोएटिनही मिळत राहते. त्यामुळे पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांना औषधाची मात्रा सामान्यतः कमी पुरते.

पण एक अडचणही आहे. यंत्रावरच्या रुग्णाला औषध यंत्राच्या नळीतूनच देता येते, दर खेपेला परिचारिका समोर असते. घरच्या रुग्णाजवळ ती सोय नाही. औषध त्वचेखाली टोचावे लागते, गोळ्या स्वतः घ्याव्या लागतात, आणि चूक झाली तर ती ताबडतोब दाखवणारे कोणी नसते. ही अडचण पुस्तकात एका ओळीची असते. मामांच्या घरी ती तीन महिन्यांची ठरली. ते पुढे येईल.

३. एका संप्रेरकाचा शोध

१९०६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र यांनी एक विचार मांडला. रक्त काढलेल्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या सशाला टोचला तर त्याच्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे रक्तात एखादे संदेशवाहक द्रव्य असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. इतरांना तो प्रयोग तसाच साधेना, म्हणून कित्येक वर्षे ही कल्पना संशयात राहिली. १९४८ मध्ये फिनलंडच्या बॉन्सडॉर्फ आणि यालाविस्तो यांनी त्या द्रव्याला एरिथ्रोपोएटिन हे नाव दिले. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी सशांवर मोठ्या प्रमाणात रक्तद्रव वापरून त्याचे अस्तित्व पटवून दिले. १९५७ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन, यूजिन गोल्डवॉसर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मूत्रपिंडे काढून टाकलेल्या उंदरांत हे द्रव्य वाढत नाही. उगमस्थान सापडले!

पण द्रव्य हातात येईना. ते रक्तात अत्यल्प असते. अखेर जपानमधील रक्तक्षयाच्या रुग्णांच्या लघवीतून ते मिळवायचे ठरले. ताकाजी मियाके यांनी तब्बल २,५५० लिटर लघवी जमवून, वाळवून शिकागोला नेली आणि १९७७ मध्ये त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघाले. त्या कणाकणावरून प्रथिनाची रचना कळली. तिच्या आधारे १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केले. ते जनुक चिनी हॅमस्टर या प्राण्याच्या पेशींत घालून मानवी एरिथ्रोपोएटिन कारखान्यात तयार होऊ लागले. १९८६-८७ मध्ये लंडन आणि सिॲटल येथील डायलिसिसच्या रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९८९ च्या जूनमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आज भारतीय कंपन्याही ते तयार करतात.

त्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती काय होते? पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने, ज्यांचे दुष्परिणाम फार. आणि वारंवार रक्त चढवणे.

४. मग रक्त का नको?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. रक्त चढवल्याने हिमोग्लोबिन त्याच दिवशी वाढते, हे खरेच आहे. फार रक्तस्राव झाला, छातीत दुखू लागले, जीव धोक्यात आला, तर रक्त चढवलेच पाहिजे. त्याला पर्याय नाही. पण ज्या रुग्णाला वाट पाहणे शक्य आहे त्याच्या बाबतीत डॉक्टर हात आखडता घेतात, त्याची कारणे अशी.

एक, चढवलेल्या पेशी काही आठवड्यांत संपतात आणि प्रश्न होता तिथेच येतो. दोन, प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. पुन्हा पुन्हा दिल्यास ते यकृतात व हृदयात साचते. तीन, तपासणी कितीही काटेकोर असली तरी संसर्गाचा थोडासा धोका उरतो.

चौथे कारण मामांसाठी सर्वांत मोठे होते. त्यांची धाकटी बहीण त्यांना मूत्रपिंड द्यायला तयार झाली होती. आपल्या पेशींवर ओळखचिन्हांसारखी प्रथिने असतात आणि ती माणसागणिक वेगळी असतात. परक्या रक्ताबरोबर, विशेषतः त्यातील पांढऱ्या पेशींबरोबर, परकी चिन्हे शरीरात येतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. पुढे बहिणीच्या मूत्रपिंडावर त्यांच्याशी जुळणारी चिन्हे निघाली तर ही प्रतिद्रव्ये त्याच्यावर तुटून पडतात. अकरा मुलांनी प्रेमाने दिलेले रक्त उद्या बहिणीच्या दानाची वाट अडवू शकले असते. डॉक्टरांनी नकार दिला तो यासाठी.

५. इंजेक्शने : किती आणि कशी

या वर्गातील औषधे तीन प्रकारची आहेत. पहिले साधे एपोएटिन. प्रौढांत प्रारंभी दर किलो वजनामागे ५० ते १०० एकके, आठवड्यातून तीनदा, अशी त्याची छापील मात्रा आहे. त्वचेखाली दिले तर ते हळूहळू रक्तात उतरते आणि शिरेतून देण्याच्या तुलनेत कमी मात्रा पुरते. दुसरे डार्बेपोएटिन, यात शर्करेच्या शाखा जास्त जोडलेल्या असल्याने ते शरीरात अधिक काळ टिकते, म्हणून आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरते. तिसऱ्या प्रकारात एपोएटिनला एक लांब रासायनिक साखळी जोडलेली असते. ते पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्यातून एकदाच देता येते. घरी राहणाऱ्या रुग्णाला टोचण्याच्या खेपा कमी होणे हा मोठाच दिलासा असतो.

औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते गोठू देऊ नये, हलवून फेसाळू देऊ नये. हे प्रथिन आहे. अंड्याचा बलक एकदा उकडला की पुन्हा पातळ होत नाही, तशीच त्याची घडी एकदा मोडली की पुन्हा बसत नाही. मामींच्या घरी फ्रीज नव्हता. शेजारणीने मोठ्या मनाने आपल्या फ्रीजमध्ये जागा दिली, पण "जास्त गार, तितके चांगले" या समजुतीने कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवली! ती टाकून द्यावी लागली.

मात्रेचे नियम काटेकोर आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की उपचार सुरू करण्याचा विचार होतो. चार आठवड्यांत एका ग्रॅमनेही वाढ झाली नाही तर मात्रा सुमारे पाव हिश्शाने वाढवतात. दोन आठवड्यांत एका ग्रॅमहून जास्त वाढ झाली तर तितकीच कमी करतात. घाईने वाढ झाली की रक्तदाब चढतो, क्वचित आकडीही येते. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्याने रक्तदाब मोजून वहीत लिहून ठेवलाच पाहिजे.

६. जास्त म्हणजे चांगले नव्हे

येथे विद्यार्थी सहज विचारील, औषध हाताशी आहे तर हिमोग्लोबिन १४ पर्यंत का नेऊ नये? डॉक्टरांनाही पूर्वी असेच वाटत होते. म्हणून प्रयोग करून पाहिले गेले, आणि उत्तर उलटे आले.

१९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या १,२३३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त निरोगी माणसाच्या पातळीवर नेलेल्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके कमी होण्याऐवजी जास्तच दिसू लागले आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २००६ मध्ये डायलिसिसपूर्वीच्या १,४३२ रुग्णांत १३.५ आणि ११.३ अशी दोन उद्दिष्टे ठेवून तुलना झाली; वरच्या उद्दिष्टाच्या गटाचे नुकसान जास्त झाले. २००९ मध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या ४,०३८ रुग्णांचा अभ्यास आला. १३ चे उद्दिष्ट ठेवून डार्बेपोएटिन दिलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले.

रक्त घट्ट झाले की वाहिन्यांत अडथळा होण्याचा संभव वाढतो. शिवाय औषधाच्या मोठ्या मात्रेचाही दोष असावा असे मानतात. म्हणून रक्त चढवण्याची वेळ येऊ नये इतपतच, कमीत कमी मात्रेत औषध द्यावे, हा आजचा दंडक आहे. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हिमोग्लोबिन सामान्यतः ११.५ च्या वर राखू नये आणि मुद्दाम १३ च्या वर तर नेऊच नये, असे सांगितले आहे. खेळाडूंनी हे औषध चोरून घेण्यावर बंदी का आहे, याचेही अर्धे उत्तर यात आहे.

७. लोह : गवंडी आहे, पण विटा नाहीत

मामांना आठवड्यातून दोन इंजेक्शने सुरू झाली. हिमोग्लोबिन ६.८ वरून ८ वर आले आणि तिथेच अडून बसले. मात्रा वाढवली, तरी हालेना. मग डॉक्टरांनी लोहाच्या तपासण्या केल्या.

थोडे गणित करू. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. ५० किलो वजनाच्या माणसात सुमारे ३.५ लिटर, म्हणजे ३५ डेसिलिटर रक्त असते. हिमोग्लोबिन ७ वरून ११ वर न्यायचे, तर दर डेसिलिटरला ४ ग्रॅम याप्रमाणे १४० ग्रॅम हिमोग्लोबिन नवे बनवावे लागेल. त्याला लागणारे लोह १४० गुणिले ३.४, म्हणजे ४७६ मिलिग्रॅम. आणि निरोगी आतडे अन्नातून दिवसाला शोषते केवळ १ ते २ मिलिग्रॅम! एरिथ्रोपोएटिन हा गवंडी आहे. विटा नसतील तर तो भिंत कशाने बांधणार?

लोहाचा साठा दोन आकड्यांवरून कळतो. फेरिटिन साठवणीचा अंदाज देते. ट्रान्सफेरिनची संपृक्तता वाहतुकीत असलेले लोह दाखवते. डायलिसिसच्या रुग्णांत फेरिटिन १०० च्या खाली किंवा संपृक्तता २० टक्क्यांच्या खाली गेली की लोहाची उणीव समजतात. मामांची संपृक्तता १२ टक्के निघाली.

"गोळी कधी चुकली नाही सर," मामी म्हणाल्या. "सकाळी चहाबरोबर रोज हातात ठेवते. आणि ती दुसरी कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी, म्हणजे विसरायला नको." मामींचा दोष कसला? कोणी त्यांना सांगितलेच नव्हते. चहातील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. फॉस्फरस अडवण्यासाठी दिलेली कॅल्शियमची गोळीही तेच करते; आम्लपित्तावरची औषधेही शोषण कमी करतात. म्हणून कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर, चहा टाळून घ्यावी. पोटाला फार त्रास झाला तर वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुसरे एक कारण शरीरातच असते. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक बनवते. आतड्यातून आणि साठ्यातून लोह रक्तात येण्याचा जो दरवाजा, त्याचा हा पहारेकरी. मूत्रपिंडे निकामी झाली की तो रक्तात साचतो. शरीरात दाह असला की आणखी वाढतो आणि दरवाजे बंद करतो. साठ्यात लोह असूनही मज्जेला मिळत नाही. अशा वेळी लोह शिरेतून द्यावे लागते. पोटाच्या डायलिसिसवरील प्रौढ रुग्णांसाठी आयर्न सुक्रोजचा छापील क्रम असा आहे: पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम, चौदा दिवसांनी ३००, आणि त्यानंतर पुन्हा चौदा दिवसांनी ४००, एकूण १,००० मिलिग्रॅम. वर काढलेले ४७६ वजा जाता उरलेले साठ्यात पडते. ही मात्रा रुग्णालयातच, सावकाश आणि देखरेखीखाली देतात. जंतुसंसर्ग अंगात असताना टाळतात. शीर टोचताना मनगट ते कोपर यांमधल्या शिरा शक्यतो वाचवतात, कारण पुढे यंत्रावर जायची वेळ आली तर त्याच उपयोगी पडतात.

८. तरीही वाढत नसेल तर

लोह भरपूर असूनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर मात्रा वाढवत राहण्यापेक्षा कारण शोधावे.

(अ) दाह किंवा संसर्ग : पोटातून बाहेर येणारे द्रावण गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला तर पर्युदराचा दाह समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हिमोग्लोबिन घसरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि जिवावर बेतणारेही.
(आ) नकळत होणारा रक्तस्राव : जठरातून किंवा मासिक पाळीतून.
(इ) फॉलिक आम्ल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव.
(ई) डायलिसिस अपुरा पडणे : पिशव्या चुकवणे हे त्याचे साधे कारण.
(उ) परावटू ग्रंथीचा अतिरेक : त्यामुळे मज्जेत तंतू वाढतात.
(ऊ) क्वचित, औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये : १९९८ नंतरच्या काही वर्षांत युरोपात त्वचेखाली दिलेल्या एका एपोएटिनमुळे काही रुग्णांची तांबड्या पेशींची निर्मितीच थांबली. औषधाची घडण आणि साठवण यांत सुधारणा झाल्यावर हा प्रकार फार विरळ झाला.

९. नव्या गोळ्या

प्राणवायू कमी झाल्याचे पेशीला कळते तरी कसे, या प्रश्नाच्या उत्तरासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन सतत तयार होते आणि प्राणवायू भरपूर असेल तर लगेच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला की ते टिकते आणि एरिथ्रोपोएटिनचे जनुक जागे करते. नष्ट करण्याची खूण लावणारे विकर औषधाने अडवले, तर शरीर स्वतःच एरिथ्रोपोएटिन बनवू लागते. या वर्गातील रोक्साडुस्टॅटला २०१८ मध्ये प्रथम चीनमध्ये मान्यता मिळाली. भारतात झायडस कंपनीने विकसित केलेल्या डेसिडुस्टॅटला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

ही औषधे तोंडाने घेता येतात आणि त्यांना बर्फाची पेटी लागत नाही, हे घरी राहणाऱ्या रुग्णाला सोयीचे आहे. पण गोळी आहे म्हणून ती निर्धोक, असे समजू नये. रक्ताच्या गाठी होण्याचा धोका येथेही आहे, हिमोग्लोबिनची मर्यादा येथेही पाळावी लागते आणि लोह येथेही लागतेच. कोणाला इंजेक्शन आणि कोणाला गोळी, हे तज्ज्ञानेच ठरवायचे.

समारोप

मामांना लोहाच्या तीन मात्रा मिळाल्या. पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.४ झाले आणि त्यानंतर १०.६. मध्यंतरी रक्तदाब चढला तेव्हा मामींच्या वहीतील आकडे पाहून डॉक्टरांनी इंजेक्शनची मात्रा पाव हिश्शाने उतरवली. मार्चच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मामा स्वतः जिना चढून प्रयोगशाळेत आले आणि सूक्ष्मदर्शकांची रांग चुकीची लावल्याबद्दल आम्हां सर्वांना त्यांनी बोल लावले. बहिणीच्या तपासण्या चालू आहेत. प्रत्यारोपण यशस्वी झाले तर नवे मूत्रपिंड स्वतःच एरिथ्रोपोएटिन तयार करील आणि बहुधा या औषधांची गरज उरणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, यातून घेण्यासारख्या गोष्टी दोन. घरात कोणी डायलिसिसवर असेल, तर कोणती गोळी कशाबरोबर आणि किती वाजता, हे डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. इंजेक्शन फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात ठेवायचे तेही त्यावर लिहा. दुसरी गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नासंबंधी. तुमचे रक्त नाकारले गेले असे मानू नका. त्या अकरा जणांनी त्याच आठवड्यात रक्तपेढीत जाऊन रक्तदान केले. बाळंतपणात किंवा अपघातात ज्याला त्याच क्षणी रक्त हवे होते, अशा कोणातरी अनोळखी माणसाच्या ते उपयोगी पडले असेल. मामांना हे समजले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. माझ्यासाठी निघालेलं वाया गेलं नाही."